केबलला टेकलेली पाठ

त्या खोलीच्या दारावरची पाटी तिनंच लिहिली होती. ठळक, गोल अक्षरात: ‘आत रेंगाळू नये. माणसाचं अंग गरम असतं.’

पाटी लागली त्या दिवशी रेडिओनं ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली आणि म्हणाला, “आमच्या अंगात काही ऊब उरली नाही असं घरचे म्हणतात. मग मी आत बसलेलं चालेल का?”

रेडिओ म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. सकाळी एकदा सुरू झाला की संध्याकाळपर्यंत बंद होत नसे, म्हणून रेडिओ. आणि ती खुसपट. कुणी कितीही चोख मोजमाप करून आणलं तरी ती त्यातल्या नेमक्या चुकीवर बोट ठेवायची. नाव चिडवायला म्हणून पडलं होतं, पण मनातून तिला ते आवडायचं. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, याचा तिला अभिमान होता. खोटा कशाला म्हणायचा? होताच.

त्यांच्या प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. जिथे जिथे वेळेला चुकून चालत नाही, मग ते विमानांचं रडार असो की टेलिफोनचं जाळं, तिथे सेकंदाला लाखो ठोके देणारी एक डबी बसवलेली असते. ते ठोके किती एकसारखे पडतात, किती टिकून राहतात, हे तपासायला त्या डब्या इथे यायच्या. तपासायची रीत एकच. आपला खात्रीचा एक स्रोत, म्हणजे तशीच एक डबी, घ्यायचा, पाहुणा स्रोत घ्यायचा, आणि दोघांच्या ठोक्यांमधला फरक मध्ये बसलेल्या यंत्रानं मोजायचा. ते मधलं यंत्र आता म्हातारं झालं होतं. नवीन घ्यायचं होतं, आणि कोणतं घ्यायचं ते खुसपटनं ठरवायचं होतं.

“तू म्हणशील ते,” मॅडम म्हणाल्या होत्या. “तुझ्या हातून सुटलं म्हणजे ते खणखणीतच असणार.” वेळ तपासणाऱ्या या जागेच्या मॅडम प्रमुख, आणि स्वतः कुठल्याही बैठकीला वेळेवर पोचल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार असतोच. पण त्या दिव्याखाली आपणही बसलो आहोत, हे तेव्हा खुसपटला कळायचं होतं.

चाचणीसाठी दोन यंत्रं आली. एक मोठ्या कंपनीचं. रंगीत पडदा, बोट लावलं की हलणारे आलेख, स्वतःच सरासरी काढून सगळं गुळगुळीत करून दाखवायची हौस. त्याला सगळे ‘रंगीत’ म्हणू लागले. दुसरी नुसती राखाडी पत्र्याची पेटी. पुढे एक हिरवा दिवा, मागे दोन स्रोत जोडायला दोन तोंडं, बस्स. ही पेटी एक नवरा-बायको आपल्या घरामागच्या खोलीत बनवायचे. आराखडा त्याचा, आतला एकेक जोड सोल्डर करायचा तो तिनं. पेटी घेऊन तो स्वतः आला, झोपलेलं मूल आणावं तशी छातीशी धरून.

“ताई, एक सांगतो,” पेटीवाले काका म्हणाले. ते फार बोलायचे आणि बोलताना पेटीवर हात ठेवायचे. “त्या रंगीत बाईसाहेबांना जे दिसतच नाही, ते माझ्या पेटीला ऐकू येतं. दिसण्यावर जाऊ नका.”

“काका, मी दिसण्यावर जात नाही.”

“म्हणूनच तर तुमच्याकडे आलो. तुम्ही घेतली तर बाकीचे डोळे मिटून घेतील. तुम्ही नाही म्हणालात तर मग…” त्यांनी पुढचं बोलायचं टाळलं आणि पेटीवरची न दिसणारी धूळ पुसली.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं.

तिचं बाळ, पिल्लू, जेमतेम टेकून बसायला लागलं होतं तेव्हा ती कामावर परत आली. पिल्लू घरी सासूबाईंजवळ, आणि दूध इथे तिच्याजवळ. दुपार झाली की छाती दगडासारखी दाटायची. तिनं रीतसर अर्ज दिला होता, आतून कडी असलेली एखादी खोली मिळावी म्हणून. ‘बघू,’ असं उत्तर आलं, आणि ‘बघू’ म्हणजे काय ते नोकरी करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. स्वच्छतागृहात तिनं एकदा प्रयत्न केला. पण जिथे आपण घोटभर पाणी पिणार नाही, तिथे पोराचं जेवण कसं काढायचं? सामानाच्या खोलीत बसली, तर कोठारवाला शिडी घेऊन आत आला आणि दोघंही एकदमच ओरडले. त्यानंतर दोन दिवस तो समोरून आला की ती रस्ता बदलायची.

सगळ्या इमारतीत आतून कडी असलेली, शांत, बिनखिडकीची, कुणी न येणारी खोली एकच होती. यंत्रांची. तिची.

पहिल्या दिवशी ती आत गेली तेव्हा पाटीकडे बघितलं नाही. रॅक आणि भिंत यांच्यामध्ये एक स्टूल मावत होतं. स्रोत आतल्या बंद कपाटात आहेत, मी इथे कोपऱ्यात आहे, जरा वेळ तर बसायचंय, असं तिनं स्वतःला समजावलं. दुनियेच्या मोजमापात खुसपट काढणारी ती, पण या समजावणीत तिला काही खुसपट सापडलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! हातानं दाबायचा छोटा पंप पिशवीतून काढायचा, फोनवर पिल्लाचा फोटो उघडायचा, पाठ मागे टेकायची. मग कुठे खांदे सैल व्हायचे आणि पान्हा फुटायचा. खोलीत यंत्रांची बारीक घरघर आणि पंपाचं खट-खट. दिवसातला तेवढाच काय तो निवांत वेळ.

पाठीमागे भिंतीवर एक काळी केबल क्लिपांनी बसवलेली होती. कपाटातल्या स्रोताकडून ती पेटीपर्यंत जायची. बसवली होती तिनंच. स्टुलावर टेकून बसलं की ती बरोबर पाठीखाली यायची. पण दाटलेल्या छातीपुढे पाठीला काय टोचतंय याकडे कोण लक्ष देतो?

एक मावशी मात्र जाणून होत्या. साफसफाईच्या मावशी. खोलीची एक किल्ली खुसपटकडे, दुसरी त्यांच्याकडे असायची. पहिल्याच आठवड्यात एकदा त्या बाहेर थांबल्या, कडीचा आवाज ऐकला, खुसपट बाटली चोरीच्या मालासारखी पिशवीत लपवत बाहेर आली ते पाहिलं, आणि काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मोरीच्या कठड्यावर गरम पाण्याचा मग ठेवलेला असायचा, पंप धुवायला. त्या बाजूला पोछा पिळत उभ्या असायच्या. दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

आणि पेटीच्या आलेखावर उंचवटे दिसू लागले.

रोज दोन. एक दुपारचा, एक संध्याकाळ व्हायच्या आधीचा. रेघ हळूहळू वर चढायची, थोडी थांबायची, आणि मग सावकाश उतरून जागेवर यायची. सुट्टीच्या दिवशी नाही. रंगीतच्या आलेखावर मात्र काहीच नाही, सगळं कसं गुळगुळीत.

खुसपट कंबर कसून कामाला लागली. एसी तपासला, लिफ्टची मोटर तपासली, विजेचा दाब बघितला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या इमारतीतली यंत्रं बंद होतात, त्याचा परिणाम असेल म्हणून त्यावरही नजर ठेवली. शेवटी तिनं या धंद्यातली हुकमी चाचणी केली. एकाच स्रोताचे दोन फाटे करायचे आणि दोन्ही यंत्राच्या दोन तोंडांना द्यायचे. एकच ठोका दोन्हीकडून आला तर फरक शून्य दिसायला हवा. तरीही काही दिसलंच, तर ते स्रोताचं नाही, यंत्राचं स्वतःचं. तिनं तसं केलं. फक्त केबली मात्र जिथल्या तिथे राहू दिल्या, उगाच हलवाहलव नको म्हणून. एक फाटा जवळून पेटीत गेला, आणि दुसरा त्या भिंतीवरच्या काळ्या केबलमधून.

उंचवटे तसेच राहिले.

“सापडलं!” ती रेडिओला म्हणाली. “पेटीच डगमगते.”

“बिचारा पेटीवाला,” रेडिओ म्हणाला. “तुझ्या तावडीतून कोण सुटणार?”

तिची छाती अभिमानानं फुगली. दुधानं दाटली होती त्याहून जास्त.

पेटीवाले काका आले, आलेख बघितला आणि एकदम गप्प झाले. त्यांना गप्प बघून तिलाच कसंतरी झालं. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. पण त्यांनी लगेच मान डोलावली. “तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच. एखादा जोड कच्चा राहिला असणार. ते सगळं हीच करते. चष्म्याचा नंबर वाढलाय तिचा, ऐकत नाही.”

नंतर ती पिशवी काखेत घेऊन यंत्रांच्या खोलीकडे निघाली, तेव्हा बाहेरच्या बोळात ते फोनवर होते. दबक्या आवाजात, पण दात चावून बोलत होते. “किती वेळा म्हटलं तुला, डोळ्यांना झेपत नसेल तर सांग म्हणून! एवढ्या मोठ्या ठिकाणी नाक कापलंस माझं. नाही, नाही, त्यांचं चुकत नसतं. तुझंच चुकलंय.”

तिला दया आली. उंटावर बसलेल्याला शेळ्या हाकणाऱ्याची यावी तशी दया. मग ती आत गेली, कडी लावली आणि पाठ टेकून बसली.

पेटी परत आली ती सगळे जोड नव्यानं करून. काकूंनी रात्रंदिवस बसून केले म्हणे. उंचवटे होते तस्सेच. खुसपटनं अहवाल लिहिला: राखाडी यंत्र अस्थिर आहे, रंगीत घ्यावं. आता फक्त बैठकीत त्यावर शिक्का बसायचा राहिला होता.

त्याच सुमारास पिल्लाला ताप आला. साधाच, पण अंगाला चिकटून बसायचा. तिनं रजा काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओचा फोन आला.

“काय गं, कसंय पिल्लू?”

“उतरतोय ताप. झोपत नाही पण. सारखं अंगावर हवंय.”

“मजा ऐक. तू नाहीस तर तुझी पेटी कशी शहाण्या मुलासारखी वागतेय! काल सपाट, आज सपाट. तुलाच घाबरून उड्या मारत होती बघ!”

ती हसली. फोन ठेवला. पिल्लू अंगावर पीत होतं, तापानं कढत झालेलं डोकं तिच्या दंडावर. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, कधीपासून ते तिलाही आठवत नव्हतं. पाय अवघडला म्हणून ती जरा पुढे सरकली आणि आधारासाठी हात मागे नेला.

भिंत कोमट होती.

तिनं हात तसाच ठेवला. मग थोडा बाजूला नेला. तिथे भिंत गार. परत मधे आणला. कोमट. तिच्या पाठीएवढी भिंत कोमट होती, तेवढीच.

दुपारचा एक उंचवटा, संध्याकाळ व्हायच्या आधीचा एक. सुट्टीच्या दिवशी नाही. रजेच्या दिवशी नाही. केबल गरम झाली की केसाच्या जाडीहूनही कमी, पण लांबते, ठोका तेवढा उशिरा पोचतो, हे ती नव्या मुलांना स्वतः शिकवायची. रंगीतला तेवढं बारीक दिसतच नव्हतं, म्हणून ते गुळगुळीत. पेटीला ऐकू आलं होतं. पेटीनं तिची पाठ ऐकली होती आणि रोज इमानदारीत सांगितली होती, आणि तिनं पेटीलाच वेड्यात काढलं होतं. काखेत दुधाची पिशवी घेऊन ती सगळ्या इमारतीत चोर शोधत फिरली होती.

“काय झालं गं?” सासूबाई दारातून म्हणाल्या. “चेहरा का असा पडला? ताप वाढला का?”

“नाही आई. भिंत गरम झालीय.”

“मग? टेकून बसलीस तर होणारच. त्यात काय नवल?”

काही नवल नव्हतं. तेच तर होतं. तिचे कान तापले, मग गळा, मग तापलेल्या लेकरापेक्षा ती जास्त तापली. काकू रात्रंदिवस बसून जोड करत होत्या. ‘त्यांचं चुकत नसतं,’ असं म्हणाले होते काका. पिल्लू मध्येच पिणं सोडून तिच्याकडे बघायला लागलं, आणि त्या एवढ्याशा नजरेसमोरही तिला बघता येईना.

बैठकीच्या दिवशी ती ठरवून गेली होती. सगळं सांगायचं. वाक्यही तयार होतं. पण मॅडम नेहमीसारख्या उशिरा आल्या, आणि तोवर वाट बघत बसलेल्या त्या खोलीत सगळे पुरुषच होते: रेडिओ, खरेदी विभागाचे दोघं, रंगीतवाल्या कंपनीचा कडक इस्त्रीतला माणूस, कोपऱ्यात मांडीवर पेटी घेतलेले काका. आणि ऐन वेळी ‘दूध’ हा एवढासा शब्द तिनं गाळला.

“मॅडम,” ती म्हणाली, “अहवाल थांबवावा असं वाटतं. दोष पेटीचा नसावा. खोलीत… कुणीतरी थांबत असावं. जास्त वेळ.”

“कुणीतरी म्हणजे कोण?”

तिनं समोरच्या अहवालाची पानं सारखी केली.

“दुसरी किल्ली कुणाकडे असते?”

“मावशींकडे,” रेडिओ म्हणाला, आणि जिभेला सवय म्हणून पुढे म्हणाला, “मावशींना एसी मानवला असेल.” दोघं हसले.

मावशींना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, ओले हात कपड्यांना पुसत.

“मावशी, तुम्ही यंत्रांच्या खोलीत बसता का?” मॅडमनी विचारलं.

मावशींनी एकदा खुसपटकडे पाहिलं. खुसपट टेबलाकडे बघत होती. टेबलावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, तो तिला अजून आठवतो.

“झाडताना लागतो वेळ कधीकधी,” मावशी म्हणाल्या.

“दारावर एवढं लिहिलंय ना? किल्ली ठेवा इथे.”

मावशींनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. बारीक आवाज झाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि चोरानं गप्प राहून काय मिळवलं? तेही नाही. “पण नुसत्या अंदाजावर यंत्र घेता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “काका, माफ करा. तुमची पेटी तुम्ही नेऊ शकता.” काका उठले. ‘धन्यवाद’ म्हणाले. कशाबद्दल, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

ती मोरीशी गेली. मावशी बादली भरत होत्या.

“मावशी, तुम्ही का नाही सांगितलंत?”

“मी कशाला सांगू? मी बघितलं तुझ्याकडे. म्हटलं, बोलेल ही.” नळ बंद केला त्यांनी. “तू टेबलाकडे बघत होतीस.”



“मला तीन पोरं झाली,” मावशी म्हणाल्या. “कामावर दुधानं अंगावरचं ओलं झालं की भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे मी, वाळेपर्यंत. कुणी बघू नये म्हणून. तुला कडी तरी मिळाली. म्हणून मग देत होते पाणी.” त्यांनी बादली उचलली. “आता माझ्याकडे किल्ली नाही. पाणी द्यायला दुसरं कुणीतरी बघ.”

‘कुणीतरी’ हा तिचाच शब्द होता.

ती धावत सुटली. जिना, अंगण, फाटक. काका फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभे होते. “काका,” ती धापा टाकत म्हणाली, “पेटी खाली ठेवू नका… म्हणजे, नेऊ नका. चला परत वर.” आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तिनं त्यांना सगळं सांगितलं. स्टूल, कडी, पंप, पाठ. दूध हा शब्द एकदा बाहेर पडल्यावर मग थांबेना. काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. तिला वाटलं होतं त्यांना आनंद होईल.

“मी हिला काय काय बोललो,” एवढंच म्हणाले ते.

मॅडमच्या खोलीत तिनं पुन्हा सगळं सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“दारावरची पाटी कुणाची?”

“माझी.”

“आणि मावशी तुझ्यासमोर उभ्या होत्या तेव्हा?”

“मी गप्प बसले.”

“आधीच सांगायचं होतंस, खोली लागते म्हणून.”

“अर्ज दिला होता, मॅडम. तुमचा शेरा होता त्यावर. ‘बघू.’”

आता मॅडम टेबलाकडे बघायला लागल्या. पण त्यानं खुसपटचं काही हलकं झालं नाही. दुसऱ्याची लाज आपल्या लाजेतून वजा होत नसते.

“हे सांगून भागणार नाही,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “कागदावर लागणार. उद्या सगळ्यांसमोर करून दाखव.”

“म्हणजे…”

“म्हणजे तू रोज जशी बसतेस तशी बस. आम्ही बाहेर आलेख बघतो.”

दुसऱ्या दिवशी काका बायकोला घेऊन आले. ठेंगण्या, जाड भिंगांच्या, हातात जेवणाचा डबा घट्ट धरलेल्या काकू. आल्या आल्या म्हणाल्या, “माझे जोड कच्चे ठरवणारी ती कोण?”

“मी, काकू.”

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आणि या आमच्या शहाण्यांनी लगेच मान डोलावली! इतकी वर्षं माझ्या हातचा एक जोड सुटला नाही, तो एका दिवसात सुटला!”

“अगं, झालं ना आता,” काका पुटपुटले.

“कुठे झालं? अजून व्हायचंय.”

“माफ करा मला, काकू,” ती म्हणाली.

“करायचं की नाही ते आलेख बघून सांगते.”

ती आत गेली. कडी लावली. दारापलीकडे कोण कोण आहे, कुठे उभं आहे, हे तिला भिंतीतून दिसत असल्यासारखं कळत होतं. स्टुलावर बसली, पंप लावला, पाठ केबलला टेकली. फोनवरचा पिल्लाचा फोटो हसत होता. छाती दगड झाली होती आणि थेंब येत नव्हता. बाहेर सगळे एका रेघेकडे बघत होते आणि ती रेघ म्हणजे ती होती. सगळ्या जन्माची लाज त्या दीड हाताच्या जागेत मावेना. येत कसं नाही? इथे रोज यायचं. तिनं डोळे मिटले. खट-खट, खट-खट, कोरडं.

“चढतंय!” बाहेर रेडिओ ओरडला. मग तोही गप्प झाला. रेडिओ आपण होऊन गप्प झाल्याचं तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

दारावर टकटक झाली. काकूंचा आवाज, दाराच्या फटीतून, खालच्या पट्टीत. “काय गं, येतंय का दूध?”

“नाही काकू.”

“मग हे चढतंय ते काय?”

“माझी पाठ.”

मग काकू म्हणाल्या, “पुढे वाक बरं जरा. भिंत सोड.”

ती वाकली. बसून राहिली वाकून, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या मुलीसारखी. बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला, “उतरायला लागलं. आता टेक परत.” ती टेकली. “चढलं.” पुन्हा वाकली. पुन्हा टेकली. पलीकडे काका काहीतरी बोलायला गेले तर काकू म्हणाल्या, “तुम्ही थांबा. तुमचं नंतर आहे.” कुणीतरी हसलं. मॅडम असाव्यात. आत एक बाई वाकतेय, टेकतेय, आणि बाहेर चार शिकलेली माणसं श्वास रोखून रेघ बघतायत, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिला हसू फुटलं, मग रडू, आणि त्या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी पान्हा.

“बस आता नीट टेकून,” काकू म्हणाल्या. “आमचं बघून झालं. पक्के आहेत जोड.” माफ केलं की नाही, ते त्या म्हणाल्या नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही.

त्याच दुपारी तिनं नवा अहवाल लिहिला. राखाडी पेटी घ्यावी. कारणाच्या जागी तिनं स्वच्छ लिहिलं की आधीच्या चाचणीत दिसलेला दोष यंत्राचा नसून चाचणी करणारीच्या पाठीचा होता, आणि तो दिसला, हाच या यंत्राचा गुण. खाली सही केली. रेडिओनं वाचलं आणि काही न बोलता तिच्यापुढे बिस्किटाचा पुडा सरकवला. ‘खुसपट’ म्हणून हाक मारली नाही. ती हाक एवढी प्रिय होती, हे तिला तेव्हा कळलं.

मग मॅडमकडून किल्ली मागून घेऊन ती मोरीशी गेली.

“मावशी, मी सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर. ही तुमची किल्ली.”

मावशी पोछा पिळत होत्या. “कळलं मला. इमारतभर झालंय.” हात पुढे केला नाही. “ठेव तिथे. हात ओले आहेत माझे.”

तिनं किल्ली कठड्यावर ठेवली. आणखी काही बोलावं म्हणून उभी राहिली, पण माफीचा शब्द इतका तोकडा वाटला की तोंडातून निघेना. मावशी बादली घेऊन निघून गेल्या. किल्ली तिथेच राहिली.

मॅडमनी दुसऱ्या मजल्यावरची एक रिकामी खोली साफ करून घ्यायला सांगितली, आतून कडी बसवून. सुतार यायचा होता. तोवर खुसपट यंत्रांच्या खोलीत गेली नाही; कोठारवाल्यालाच तिनं सरळ सांगितलं, मला दूध काढायचंय, जरा वेळ बाहेर थांबा. तो लाल झाला आणि शिडीसकट बाहेर जाऊन दाराकडे पाठ करून उभा राहिला.

बाटली पिशवीत ठेवून ती पंप धुवायला मोरीवर आली. कठड्यावरची किल्ली कुणीतरी उचलली होती. तिच्या जागी गरम पाण्याचा मग होता, वाफ निघत असलेला.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. पाण्याचा मग होता. बाजूला पोछा पिळत कुणी उभं नव्हतं.